महाराजांचं वचन

आप्पाजींच्या तेराव्याला होसकोटेत दोन अनोळखी पाहुणे आले आणि पंगतीतच दोघांची जुंपली. मोबाइलवरच्या एका खेळात आप्पाजी राज्याचे महाराज होते. गिरीराज त्यांचा सेनापती, धनलक्ष्मी प्रधान.

“माझ्यामागं गादी तुझी, असं महाराजांनी मला कळवलंय. हा बघा मेसेज,” गिरीराज म्हणाला.

“तसाच मलाही आलाय!” धनलक्ष्मी उसळली. “अक्का, यातला खोटा कुठला ते तुम्हीच सांगा.”

“आधी स्वल्प जेवून घ्या,” म्हणत आप्पाजींची बायको गंगव्वा हिनं मान खाली घालून भात वाढला.

लकव्यानं नवऱ्याची वाचा गेली, हात गेले, त्याला दोन वर्षं झाली होती. “महाराज, आज बरं वाटतंय का?” असं रोज विचारणारी ही दोनच माणसं उरली होती. एकाला गादी दिली तर दुसरं पाठ फिरवेल, या धास्तीनं दोघांनाही वचन तिनंच नवऱ्याच्या मोबाइलवरून लिहून पाठवलं होतं.