हिरवा झोत

शिकाऊ वैमानिक जीनत विमानात एकटी होती आणि तिचा रेडिओ बंद पडला होता. जळगाव विमानतळाच्या कुंपणाशी तिचे अब्बा, अमीन टेलर, जाळी घट्ट धरून उभे होते. टॉवरमधून हिरव्या दिव्याचा झोत विमानाकडे गेला. विमानाने दोन्ही पंख डावी-उजवीकडे हलवले.

शेजारचे गौतमचंद शेठ हरखले. “अमीनभाई, पोरगी तुम्हाला हात करतेय! तुम्हीपण करा की!”

“मला नाही, शेठ. दिवा दिसला, उतरते, असं टॉवरला सांगतेय. शिलाई मशीन चालवता चालवता तिचा हा धडा मीच ऐकलाय.”

चाकं धावपट्टीला अलगद टेकली.

“आता तरी बापाकडे बघेल!”

“विमान उभं राहीपर्यंत नाही बघणार,” अमीन म्हणाले. “कामावर आहे ती.”