ओठाखालची गोळी

शाहपूरच्या मालूबाईला अंगावरून पांढरं जाई आणि खाजेनं जीव नकोसा होई. सासूबाई गोदाबाईंनी लसूण आणि तुरटी वाटून गोळी वळली. “आत ठेव, पोरी. आपल्या घरच्या साऱ्या सुना ठेवतात.” याच गोळीनं थोरली जाऊ आतून भाजली होती, हे मालूबाईला ठाऊक होतं. ती म्हणाली, “ठेवते आत्याबाई, पण आधी तुम्ही ती ओठाच्या आत धरून दाखवा. तिथलं कातडंही तेवढंच नाजूक.” “त्यात काय मोठं?” म्हणत गोदाबाईंनी गोळी ओठाखाली दाबली. “माय वं, जळलं!” त्यांनी ती थुंकली, चुळा भरल्या आणि गाडी जुंपायला लावली. बुऱ्हाणपुरात मडम डॉक्टरीण आली होती. तिनं मालूबाईला तपासून जांभळं औषध लावलं. मालूबाई उठली, पण गोदाबाई हलेनात. “मडमबाई, आता मलाही तपासा. लग्नापासून सोसतेय. उद्या शाहपूरच्या सुना गाडीभर घेऊन येते!”