दुसरा रिमोट

डायलिसिस नव्हतं त्या दिवशी ललितदादानं माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम काढायला लावला. लहानपणीसारखाच पहिला रिमोट त्यानं घेतला आणि दुसरा तृप्तीला दिला. गेम सुरू करायचं आणि मध्येच थांबवायचं बटण पहिल्याच रिमोटला होतं. दुसऱ्या रिमोटवाल्यानं फक्त पळायचं आणि गोळ्या झाडायच्या.

शेजारच्या घरातल्या पॉवरलूमची खडखड चालू होती. दादाच्या तिन्ही लाईफ संपल्या, तशी त्यानं बटण दाबून तृप्तीची एक काढून घेतली. त्या गेममध्ये तसं घेता येतं, विचारावं लागत नाही.

"दादा, माझ्याकडे दोनच होत्या."

"घेऊ दे ना बेटा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊच तर आहे."

दुसऱ्या दिवशी इंदूरला रिपोर्ट मिळाले. तृप्तीची किडनी जुळत होती. आईनं तिथेच, खुर्चीतल्या खुर्चीत, हात जोडले. दादा खाली बघत राहिला. तृप्तीला कोणी काही विचारलं नाही.

मग डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बसवलं आणि संमतीचा फॉर्म तिच्यापुढे ठेवला.

"मनात नसेल तर आत्ताच सांगा. काहीतरी कारण काढून आम्हीच नाही म्हणू, तुमचं नाव कुठेही येणार नाही. तुम्ही फक्त थांबा म्हणा."

तृप्तीनं सही केली आणि पेन परत दिलं.



"थांबवायचं बटण दादाच्या रिमोटला आहे, सर."