सात महिन्यांचे रकाने

“शेवटची स्लाइड काढून टाका,” संचालक म्हणाले. आवाज असा मऊ, जणू चहात साखर किती ते विचारत होते.

ताईने लॅपटॉप छातीशी धरला. सभागृहाच्या दाराआड टाळ्या वाजत होत्या. ई-शासन आणि खुल्या डेटाच्या परिषदेतला पुढचा शोधनिबंध तिचा होता.

त्यांच्या नगराचं पाणी-तपासणीचं संकेतस्थळ यंदाच्या क्रमवारीत पहिलं आलं होतं. का, तर त्यात एकही रकाना रिकामा नव्हता. रिकामा रकाना दिसला की गुण कापले जातात. खालच्या वस्तीतलं तपासणीचं यंत्र मात्र सात महिने बंद होतं. त्या महिन्यांचे रकाने मागचे आकडे बघून भरलेले होते. संकेतस्थळावर पाणी नितळ वाहत होतं, नळाला गटार येत होतं.

संचालकांचं म्हणणं साधं होतं. यंत्रावर बोला, पद्धतीवर बोला, वाटल्यास खात्याला दोन टोमणे मारा.

“पण नाव नको. चांगलं माणूस आयुष्यातून उठेल.”

“उठू दे.”

“त्या माणसानं माझा हुकूम पाळला, एवढंच.”

“हुकमाला हात लागतात, साहेब. आणि तुमच्या हुकमाचं पत्रही त्याच स्लाइडवर आहे.”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आधी बढतीची गोष्ट काढली, मग नोकरीची. ताई दार ढकलून आत गेली.

समोरच्याच रांगेत तिची धाकटी बहीण बसली होती. खुला डेटा म्हणजे काय, हे तिला कुणी विचारलं असतं तर ती हसली असती. ती आली होती एका नावासाठी. तिची नऊ वर्षांची लेक त्याच पाण्याने कावीळ होऊन पडली, दोन महिने दवाखान्यात होती. अजूनही जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसते आणि वर किती उरल्या ते मोजते. आकडे भरणाऱ्याला एकदा डोळे भरून बघायचंय, असं धाकटी सगळ्यांना सांगायची. शिव्याही तिने निवडून ठेवल्या होत्या, गहू निवडावेत तशा.

ताईने तिला दोनदा येऊ नको म्हटलं होतं. पण सकाळी धाकटीनेच तिचे केस विंचरून दिले, लहानपणी ताई तिचे विंचरायची तसे.

“घाबरू नकोस,” ती म्हणाली होती. “मी समोरच बसते.”

“बस बयो,” ताई म्हणाली होती. “समोरच बस.”

ताईने निबंध सुरू केला. सात महिन्यांचे आकडे तिने शेजारी शेजारी मांडले. पाणी वाहतं, ते दर महिन्याला हुबेहूब सारखं कसं असेल, तिने विचारलं. पेंगणारी डोकी वर आली. कुणीतरी पेन खाली ठेवलं. अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याची घंटी वाजवली. ताईने दोन मिनिटं मागितली नाहीत, घेतली.

“नोंद कुणी भरली, हेही संगणक लिहून ठेवतो,” ती म्हणाली, आणि शेवटच्या स्लाइडकडे वळली.

मागून आत येऊन बसलेल्या संचालकांनी कोपऱ्यातल्या तंत्रज्ञाला खूण केली. पडदा काळा झाला. पाठोपाठ माईकही गेला.

सभागृहात कुजबुज उठली. अध्यक्षबाईंनी पुढच्या वक्त्याला बोलावलं. ताई मंचावरून खाली उतरली आणि रांगांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. हुकमाच्या पत्रावर सही कुणाची होती ते तिने मोकळ्या आवाजात सांगितलं. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. संचालक उठून उभे राहिले, पण बाहेर जायला वाट नव्हती. दाराशी माणसं दाटली होती.

“सही झाली,” ती म्हणाली. “आता हात.”

धाकटी उठली. तिच्या मुठी आवळलेल्या होत्या.

“नाव सांग, ताई. कुणाला भिऊ नकोस. माझ्या लेकीसाठी सांग.”

ताईने तिच्याकडे बघितलं. नजर खाली घेतली नाही.

“बयो,” ती म्हणाली, “ते रकाने मी भरले.”