कुरडयांचे रविवार

सुट्टीच्या दिवशी सायखेड्याला चुलतसासूबाईंकडे कुरडया करायला जाणं काही टळत नाही म्हटल्यावर निकिताने ठरवलं, जायचंच आहे तर तोंड पाडून कशाला जा. तिने हसत हसत चीक ढवळला, सोऱ्या दाबून हात भरून आले तरी गाणी म्हटली. मोठी जाऊ आशा मात्र कपाळाला आठ्या घालून सावलीत बसून होती, त्यामुळे तिला कुणी कामच सांगेना.

"पोरीला लय हौस हाय," चुलतसासूबाई कौतुकाने म्हणाल्या, आणि गच्चीवर जमलेल्या चार सासवांनी निकिताचे पुढचे चार रविवार आपसात वाटून घेतले.

जिना उतरताना आशा तिच्या कानाशी वाकली.

"लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी तर नाचलेसुद्धा होते गं."