अण्णांची नवी टाळू

कॅन्सरच्या ऑपरेशनात अण्णांची तोंडातली टाळू काढली, तेव्हापासून त्यांचं बोलणं नाकातून नुसतं घुंईघुंई यायचं. ते कळायचं फक्त आईला. अण्णा तावातावानं हात हलवायचे अन् आई हसून सांगायची, "कॉलेजला जा म्हणतेत गं, जल्दी जा, बस चुकंल!" अर्पिता उड्या मारतच भोकरदनची बस गाठायची.

आज दातांच्या डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या तोंडात प्लास्टिकची टाळू बसवली. "बोला काका," त्या म्हणाल्या.

अण्णा आईकडं बघून खणखणीत बोलले, "पोरीचं कॉलेज बंद कर म्हणून सहा महिन्यांपासून सांगून राह्यलो, आयकू येत न्हाई का?"

आईनं अर्पिताचा हात घट्ट धरला अन् ती डॉक्टरीणबाईंकडं वळली.


"मॅडम, बराबर बसली न्हाई वो ही. काय बोलून राह्यले, काहीच कळंना."