सापडलेली चूक

कृष्णविवरात पडलेली माहिती कायमची नष्ट होते, हे ठासून मांडण्यात प्राध्यापकांची उभी हयात गेली होती. ती नष्ट होत नाही, असं सांगणारा त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा शोधनिबंध छापण्याआधी तपासायला नेमका त्यांच्याकडेच आला. परीक्षक कोण, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

महिनाभर त्यांनी तिच्या गणिताचा कीस पाडला. जेवताना चिडचिड, झोपेत पुटपुटणं. "एक चूक सापडू नये म्हणजे काय!" म्हणून कागद आपटणं. अखेर एका सकाळी चूक सापडली.

"सुटलात एकदाचे," बायको म्हणाली. "मोठी आहे का?"

"सगळा डोलारा कोसळेल एवढी."

"मग द्या की नकार कळवून. तोंड का असं पाडलंय?"

"ती दुरुस्त कशी करायची, तेही दिसतंय ना मला!"

दोन दिवस गेले. मग त्यांनी अहवाल लिहिला आणि पाठवून दिला.

निबंध छापून आला, त्या दिवशी तिचा फोन आला. "सर, रागावू नका हं. तुमचंच म्हणणं खोडून काढलंय मी."

"वाचलं. शेवटची पायरी सुरेख आहे."

"ती माझी नाही हो सर, परीक्षकांनी सुचवली. कोण होते देव जाणे, पण तुमच्यावर त्यांचा जुना राग असणार."